कुबडीवाला राहिला

माझी आत्या फार चांगली बाई होती असं कुणी म्हणालं, तर खुशाल समजा की त्या माणसाने तिच्या हाताखाली एक दिवससुद्धा काम केलेलं नाही. मी सहा वर्षं केलं. त्या सहा वर्षांत 'बरं झालंय' एवढे दोन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. काम फारच चांगलं झालं असेल तर ती नाक उडवायची आणि पुढचा तुकडा माझ्यासमोर सरकवायची. तेच बक्षीस. बिघडलं असेल तर मात्र शब्दांना तोटा नसायचा. "डोळे काय बटणं म्हणून लावलेत?" हे तर दिवसातून दोनदा.

ती फुटलेली चिनी मातीची भांडी जोडायची. साधी कपबशी नव्हे. जुनी, दोनशे-तीनशे वर्षांची, चीनमधून जहाजांत भरून जगभर गेलेली भांडी, ज्यांच्यावर निळ्या रंगात डोंगर, ढग, राजे, राक्षस, समुद्रावरून चालत निघालेले साधू असली पुराणातली चित्रं असतात. आमचे मालक अशा वस्तूंचे व्यापारी. पुढे दुकान, मध्ये गोदाम, मागे आमची कामाची खोली. तिच्याही मागे आत्याची राहायची खोली, म्हणजे एक खाट, एक शेगडी आणि दोरीवर दोन पातळं. तिने लग्न केलं नव्हतं. एकतीस वर्षं ती तिथेच राहिली. बाजारात तिला चिकटबाई म्हणायचे. डिंकावरून म्हणायचे की स्वभावावरून, ते म्हणणाऱ्यांनाच ठाऊक.

कामाच्या खोलीला एकच खिडकी. तिच्याखाली आत्याचा बाक आणि समोर टेबल. उजेड तिथेच पडायचा, त्यामुळे बाक ज्याचा, जोडकाम त्याचं. आणि जोडकाम ज्याचं, मागची खोली त्याची, असा मालकांचा रिवाज होता. माझी जागा दाराजवळ, तिवईवर. तुकडे धुवायचे, जुना पिवळा डिंक खरवडायचा, वाळूची परात चाळून ठेवायची. त्या परातीत जोडलेलं भांडं तिरकं रोवून ठेवतात, म्हणजे डिंक सुकेपर्यंत तुकडा घसरत नाही. सहा वर्षं मी त्या बाकाकडे बघत होते. खोटं कशाला सांगू? मला तो हवा होता. घरी चार भावंडांत एक खोली होती, आणि इथे एकट्या बाईला अख्खी.

आत्याचा एक नियम होता आणि त्या नियमाचा मला मनस्वी राग होता. जो तुकडा हरवलाय, तिथे पांढरी लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरायची, घासून सारखी करायची आणि तशीच पांढरी सोडायची. आजूबाजूची रेघ सरळ पुढे जाणारी असेल, लाट असेल, वेलबुट्टी असेल, तर ती निळ्याने जोडायची. पण माणूस हरवला असेल, चेहरा हरवला असेल, तर हात लावायचा नाही.

"माहीत नाही ते पांढरं," ती म्हणायची.

"अगं, पण चेहरा काढायला असं काय लागतं? दोन डोळे, एक नाक."

"तुझ्यासारखा काढायचा असेल तर काही लागत नाही."

आणि गंमत म्हणजे त्या चित्रांतल्या गोष्टी तिलाही माहीत नव्हत्या. एकतीस वर्षं तिने राजे जोडले, राण्या जोडल्या, वाघावर बसलेला माणूस तीनदा जोडला, पण तो वाघावर का बसलाय हे तिला कुणी सांगितलं नाही. आमच्या कामाच्या खोलीत भांडी यायची ती तुकडे होऊन, खोक्यात. बोलायची ती गिऱ्हाइकं आणि पारखी मंडळी पुढच्या दुकानातच. आम्ही चित्रातल्या माणसांना ओळखायचो ते फक्त हातातल्या वस्तूवरून. पंखेवाला, बासरीवाला, टोपलीवाला.

ती बरणी आली तेव्हा एकतीस तुकड्यांत होती. गुडघ्याएवढी उंच, खांद्याला रुंद, आणि सगळ्या अंगाभोवती खवळलेला समुद्र. समुद्रावर आठ जण चाललेले. एकाच्या हातात पंखा, एकाच्या पाठीला तलवार, एक बाई कमळ घेतलेली, एक बासरीवाला, एक फुलांची टोपली घेतलेला, एक चिपळ्यावाला, एक कुबडी टेकत चाललेला लंगडा, आणि आठवा गाढवावर. आठही सिद्धपुरुष, अमर झालेले, समुद्र ओलांडताहेत, एवढं मालकांनी खोकं ठेवताना सांगितलं. गाढवावरच्या म्हाताऱ्याची टोपी होती, गाढवाचं तोंड होतं, मागचे पाय आणि शेपटी होती. मधला तळहाताएवढा तुकडा गायब. म्हणजे म्हाताऱ्याचं तोंड, धड, पाय, काहीच नाही.

आत्याने बारा दिवस घेतले. जोड असा बसवला की नख फिरवलं तरी अडकत नव्हतं. हे मी तिच्या प्रेमापोटी सांगत नाही, होतं ते सांगते. मग ती त्या भगदाडाशी भिंग घेऊन बसली आणि मला हाक मारली. सहा वर्षांत पहिल्यांदा काही विचारायला म्हणून हाक मारली.

"हे बघ. हे तीन केस कशाचे?"

भगदाडाच्या मागच्या काठाला, शेपटीच्या बाजूला, तीन बारीक निळ्या रेघा होत्या.

"शेपटीचे," मी म्हटलं.

"शेपटी जाड रेघेने काढलीय. हे वेगळे आहेत. माणसाचे आहेत."

"माणसाचे केस गाढवाच्या ढुंगणाकडे कशाला जातील? म्हातारा काय उलटा बसलाय? गाढवावर उलटं कुणाला बसवतात माहीत आहे ना? तोंडाला काळं फासून गावभर फिरवतात त्याला. हा सिद्धपुरुष आहे, याची काय धिंड काढलीय?"

आत्या चक्क हसली. तिच्या गळ्यातून खर्र असा आवाज आला, त्याला मी हसणं धरते. "ते खरं," ती म्हणाली. "उलटा कसा बसेल?" पण भिंग काही तिने खाली ठेवलं नाही. बराच वेळ बघून मग तिने लांबी कालवली, भगदाड भरलं, घासलं आणि पांढरं सोडलं.

मालक आले आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. सोमवारी पारखी बाई येणार होत्या, एका मोठ्या संग्राहकाच्या वतीने बरणी बघायला.

"आठ सिद्ध सांगून सात दाखवू का मी? भरा तो म्हातारा!"

"मला माहीत नाही तो कसा बसलाय."

"गाढवावर बसलाय, बाई! गाढवावर माणूस कसा बसतो?"

"तेच माहीत नाही म्हणतेय. तीन केस जुळत नाहीत."

"तीन केसांसाठी तुम्ही माझं अख्खं गिऱ्हाईक घालवणार?"

"मी नाही काढणार."

 मालकांनी मान वळवून दाराकडे, माझ्याकडे बघितलं. अगदी गोड आवाजात म्हणाले, "पोरी, तुला येईल का गं? जो हे काम पुरं करेल, बाक त्याचा. खोलीसुद्धा."

आत्या माझ्याकडे वळली नाही. हातातली ब्रशची वाटी तिने टेबलावर ठेवली, उठली आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तेव्हा तिने 'नको करू' म्हटलं असतं तर? मी तरीही केलं असतं. पण तिने म्हणायला हवं होतं. तो राग अजून आहे माझा.

शनिवारी आणि रविवारी मी तिच्या बाकावर बसले. तीन केसांचा ब्रश, तीच निळी शाई, तोच उजेड. म्हातारा काय झकास उतरला म्हणून सांगू! पाठ ताठ, नजर समोर, दोन्ही हातांत लगाम. लगाम मुळात नव्हता, तो मी माझ्या पदरचा दिला. आणि ते तीन केस मी शेपटीला जोडून टाकले. रविवारी संध्याकाळी आत्या आली, कमरेवर हात ठेवून बघून गेली. नाक उडवलं नाही. मला वाटलं, जळली.

सोमवारी पारखी बाई आल्या. उंच, पांढरे केस, गळ्यात साखळीने बांधलेलं भिंग. मालकांनी बरणी आमच्याच खोलीत दाखवली, कारण उजेड तिथे. बाईंनी बरणीभोवती एक फेरी मारली, टिचकी मारून आवाज ऐकला, जोडावरून बोट फिरवलं आणि "वा" म्हणाल्या. आत्यासाठी होता तो वा. मग गाढवाशी आल्या, वाकल्या आणि फस्सकन हसल्या.

"अहो, याला सरळ कुणी बसवलं?"

मालक म्हणाले, "म्हणजे?"

"हा म्हातारा गाढवावर नेहमी उलटा बसतो. शेपटीकडे तोंड करून. त्याची तीच तर ओळख! आणि गाढवही साधं नाही. मुक्कामाला पोहोचला की तो त्याची कागदासारखी घडी घालतो आणि पेटीत ठेवतो. निघायच्या वेळी तोंडात पाणी घेऊन त्यावर फवारा मारला की पुन्हा गाढव. चीनमधलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल." मग भिंग लावून त्यांनी तीन केस बघितले. "ही बघा, त्याची दाढी. वाऱ्यावर उडतेय. आणि तुम्ही तिची शेपटी करून टाकलीत! जिथे हे खोटं, तिथे बाकीचं काय काय खोटं असेल? मी नाही सांगणार आमच्या साहेबांना घ्या म्हणून."

मालकांचा चेहरा लालबुंद झाला. "कुणी केलंय हे?" ते गरजले.

आता गंमत बघा. कुणी केलंय ते त्यांना पक्कं माहीत होतं. करायला त्यांनीच लावलं होतं. पण पारखी बाईंसमोर कुणाचा तरी बळी द्यायला हवा होता. मी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. खरं सांगायचं तर फुटू दिला नाही.

"मी केलं," आत्या म्हणाली.

"तुम्ही?"

"या बाकावरून जे उठतं ते माझं."

मालक एक क्षणही थांबले नाहीत. पारखी बाईंकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना? आजपासून या बाई आमच्याकडे नाहीत. खोली आजच रिकामी करतील." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर तिथे तिवईजवळ उभा होता, पदराशी चाळा करत.

एकतीस वर्षांचं घर आणि काम एका वाक्यात गेलं, आणि त्यावर आत्या काय म्हणाली असेल? ती पारखी बाईंपुढे गेली. मी तिला कुणापुढे इतकं नम्र उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

"आणि बाकीच्या सातांचं काय?"

"कसल्या सातांचं?"

"यांच्या गोष्टी काय आहेत? हा लंगडा का? या बाईच्या हातात कमळ कशाला? मी पुष्कळदा जोडलेत हे. मला कुणी सांगितलं नाही."

पारखी बाईंनी घड्याळ बघितलं. "अहो, मला तीनची गाडी गाठायचीय," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

आत्याने आपलं सामान एका गाठोड्यात बांधलं. मी दाराशी जाऊन उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "आत्या, तू उगाच माझं आपल्या अंगावर घेतलंस."

तिने गाठ दाताने ओढून घट्ट केली. "तुला वाचवलं असं समजू नकोस. तुझं नाव घेतलं असतं तर त्या बाईच्या कानांवर तुझं नाव पडलं असतं. तेवढी तुझी लायकी नाही." आणि माझ्या अंगावरून निघून गेली.

बाक मला मिळाला. खोलीसुद्धा. मालकांनी दुसऱ्याच दिवशी मला तो म्हातारा पुसायला लावला. कापूस आणि स्पिरिट, दहा मिनिटांचं काम. पुसला आणि पांढरं सोडलं. पुढच्याच महिन्यात ती बरणी त्या पांढऱ्यासकट विकली गेली, त्याच पारखी बाईंनी घेतली. म्हणाल्या, "हं, आता कसं प्रामाणिक दिसतंय!" मला त्या बाईंच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं.

आत्या आमच्या घरी राहायला आली, म्हणजे तिच्या भावाकडे, माझ्या बाबांकडे. मी आता तिच्या खोलीत आणि ती माझ्या जागी, भावंडांच्या गर्दीत. मी दर रविवारी घरी जायचे. मी दारात पाऊल टाकलं की ती स्वयंपाकघरात जायची आणि मी निघेपर्यंत बाहेर यायची नाही. एक शब्द नाही. आई म्हणायची, "अहो वन्सं, पोरगी आलीय." आतून फक्त भांड्यांचा आवाज. बरं, मीही काही पाया पडायला गेले नाही. आमच्या घराण्यात मान वाकवायची पद्धत नाही, ती मोडेल.

पारखी बाई वर्षातून दोनदा यायच्या. त्यांची खरेदी बांधून द्यायचं काम माझं. पहिल्याच खेपेला मी कागद गुंडाळता गुंडाळता विचारलं, "तो कुबडीवाला लंगडा का हो?" का विचारलं ते मला माहीत नाही. गाडीला वेळ होता, बाईंनी सांगितलं. ती गोष्ट ऐकली आणि मी दोरी बांधायची विसरले. ती मी कुणाला सांगितली नाही.

दुसऱ्या खेपेला तलवारवाला विचारला. तो रविवारी जाऊन बाबांना सांगितला. बाबांना एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने त्यांना ऐकायचं नसतं, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं. "बाबा! तो तलवारवाला आधी नोकरीच्या मागे होता! खानावळीत चुलीवर धान्य शिजत होतं आणि याला डुलकी लागली! स्वप्नात नोकरी मिळाली, बायको, मुलं, मोठा हुद्दा, मग सगळं गेलं, देशोधडीला लागला! जागा होऊन बघतो तर धान्य अजून कच्चंच!"

"मग जेवला का?" बाबा म्हणाले.

आतली भांडी थांबली होती. गोष्ट संपल्यावर पुन्हा सुरू झाली.

मग ते चालूच राहिलं. खेपेला एक. कमळवाली बाई शिंपल्यांचा चुरा खाऊन इतकी हलकी झाली की डोंगरांवरून चालायची. टोपलीवाला एका पायात जोडा घालायचा आणि दुसरा पाय अनवाणी, उन्हाळ्यात लोकरी कपडे आणि हिवाळ्यात बर्फावर झोपायचा. चिपळ्यावाल्याचा भाऊ खुनी निघाला म्हणून तो लाजेने डोंगरात गेला. पंखेवाला पंख्याच्या वाऱ्याने मेलेल्यांना उठवायचा. मी बैठकीत ओरडायचे, बाबा "हं हं" करायचे, आणि स्वयंपाकघरात नळसुद्धा बंद असायचा. साडेतीन वर्षं. आत्याने एकदा डोकं बाहेर काढलं असेल तर शपथ.

सहावा बासरीवाला. तो झाडावरून पडला आणि अमर झाला, असं काहीतरी आहे ते. सांगून झालं आणि मी पिशवी उचलली.

आणि आत्या दारात येऊन उभी राहिली. खूप वाळली होती. हात ओले होते, ते तिने पदराला पुसले.

"कुबडीवाला राहिला," ती म्हणाली.

साडेतीन वर्षांनी हे तिचे पहिले शब्द. बोटांवर मोजत बसली होती बया.

"तो मला माहीत नाही," मी म्हटलं.

"खोटं बोलतेस. तू खोटं बोलतेस तेव्हा पदराशी चाळा करतेस. त्या दिवशीही करत होतीस."

मी पदर सोडला. बाबा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागले. मी खाली बसले आणि सांगितली. ओरडले नाही, तिच्यापुरती सांगितली.

"तो मुळात लंगडा नव्हता. देखणा होता. त्याला देह इथे ठेवून नुसत्या जिवाने फिरायची विद्या येत होती. एकदा शिष्याला म्हणाला, मी जाऊन येतो, सात दिवस माझा देह सांभाळ. सात दिवसांत आलो नाही तरच जाळ. शिष्याने सहा दिवस सांभाळला. सहाव्या दिवशी घरून निरोप आला, आई आजारी आहे. त्याला घाई झाली. त्याने एक दिवस आधीच गुरूचा देह जाळला आणि निघून गेला. गुरू परत आला तर त्याला जागा नाही. रस्त्याकडेला एक लंगडा भिकारी नुकताच मरून पडला होता. मिळाला तो देह घेतला. म्हणून कुबडी."

आत्याने सगळं उभ्यानेच ऐकलं. मग विचारलं, "आणि त्या शिष्याचं?"

"त्याचं काय?"

"पुढे काय झालं त्याचं?"

"ते त्या बाईंनी सांगितलं नाही."

"मी सांगते," आत्या म्हणाली. "बाक मिळाला त्याला."

ती आत गेली आणि नळ सोडला. बाबा कानामागे हात धरून ओरडले, "काय म्हणाली गं ती?"

"काही नाही, बाबा," मी म्हटलं. "चहा घेणार का, विचारत होती."